दुबईला नर्स म्हणून जाऊ का, आणि ती डॉ. मूपेन यांची गोष्ट

अगं, तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार मी, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तू लिहिलंयस की बीएस्सी नर्सिंग झालंय, कोल्हापुरात आयसीयूला आहेस, दुबईच्या हॉस्पिटलची ऑफर आलीये, मिस्टरांचं तळ्यात-मळ्यात चाललंय, मुलगी तिसरीत आहे. आणि शेवटी लिहिलंयस की अॅस्टर आधार हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीने अॅस्टर काढणाऱ्या डॉ. आझाद मूपेन यांची गोष्ट सांगितली, एका छोट्या क्लिनिकपासून केवढं उभं केलं, वर वीस टक्के संपत्ती दान करायचं जाहीर केलं, आणि ते ऐकून तुला वाटतंय की आपणही काही वर्षं कमवावं आणि परत येऊन गावासाठी काहीतरी करावं. परीक्षा, डेटाफ्लो म्हणजे कागदांची पडताळणी, लायसन्स, ई-मायग्रेट म्हणजे परदेशी नोकरीची सरकारी नोंदणी, यावर मी काही सांगत नाही, सरकारी साइटवर सगळं आहे आणि ते बदलतही राहतं. मला त्या शेवटच्या वाक्यावर बोलायचंय, कारण मिरजेहून इथे दुबईला नर्स म्हणून निघताना मीही शब्दशः हेच बोलले होते आणि ते अजून घशात अडकलंय.

आधी ती गोष्टच नीट बघ. मूपेन डॉक्टर केरळातले, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कल्पकंचेरीचे. कालिकत मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच लेक्चरर झाले, म्हणजे सरकारी कॉलेजातली पक्की नोकरी. १९८७ साली दुबईला आले ते नोकरी शोधायला नाही, गावच्या मशिदीच्या कामासाठी वर्गणी जमवायला. तिथल्या ओळखीच्या लोकांनी म्हटलं, डॉक्टर, इथेच दवाखाना काढा की, आणि दुबईतल्या ‘बर दुबई’ भागात एका डॉक्टरचं क्लिनिक सुरू झालं. वर्गणी मागायला आलेला माणूस धंद्यात पडला. आपण कमवायला येतो आणि वर्गणीचं पुढच्या वर्षी बघू म्हणतो. हा फरक त्या मोटिव्हेशनल व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही.

दुसरा फरक त्याहून रोकडा आहे. डॉक्टर स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो, अॅस्टर डीएममधलं डीएम म्हणजे डॉक्टर मूपेनच. नर्सचं लायसन्स तू पास झालीस तरी जिथे नोकरी तिथल्याच नावावर अॅक्टिव्हेट होतं, व्हिसाही त्यांचाच. म्हणजे तू तिथे कितीही वर्षं राहिलीस तरी कुणाच्या तरी पाटीखालीच राहणार, हे मनाशी पक्कं ठेव. वाईट नाही गं ते. पण त्यांची जिना चढायची गोष्ट ऐकून आपणही चढू असं नको वाटायला, आपल्याला तो जिनाच नाहीये.

बाकी माणूस जबरदस्त, त्यात वाद नाही. २००१ ला कोझिकोडला मिम्स हॉस्पिटल, २०११ ला पद्मश्री, २०१४ ला कोचीचं मेडसिटी हॉस्पिटल, २०१८ ला शेअर बाजारात आले तेव्हा १९० रुपयांना शेअर होता. माझ्या दिरांनी घेऊन ठेवले होते, घरात सगळे हसायचे त्यांना. मग २०२४ ला गल्फचा धंदा भारतापासून वेगळा केला, गल्फमधला मोठा हिस्सा एक अब्ज डॉलरच्या आसपास विकला आणि शेअरमागे ११८ रुपये डिव्हिडंड दिला, तेव्हापासून दीर कुणाला बोलू देत नाहीत. गल्फचा कारभार मुलगी अलिशा बघते, ती शिकलेली चार्टर्ड अकाउंटंट. हॉस्पिटल चालवायला सीए लागतो हे मला इतक्या वर्षांत चांगलंच कळलंय.

पण दानाचं म्हणशील तर मला त्यांचं वीस टक्के नाही, केरळातल्या वायनाडचं काम पटतं. डोंगराळ जिल्हा, आदिवासी भरपूर, मेडिकल कॉलेज एकही नव्हतं, सिरियस पेशंट म्हणजे तामरश्शेरीचा घाट उतरून कोझिकोडला न्यायचा, घाटात ट्रॅफिक लागलं की संपलं. तिथे मेप्पाडीला त्यांनी मेडिकल कॉलेज काढलं, २०१३ ला सुरू झालं. आता मला सांग, पैसा करायला कुणी मेप्पाडीला जाईल का. आणि ३० जुलै २०२४ ला दरडी कोसळून मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं वाहून गेली तेव्हा जखमींना न्यायला तेच हॉस्पिटल जवळ होतं. इथल्या आमच्या मल्याळी मुली त्या दिवशी ड्युटीवर उभ्या होत्या पण सगळ्यांचं लक्ष फोनमध्ये, कुणाचं माहेर कल्पेट्ट्याला, कुणाचं सुलतान बत्तेरीला. मी त्यांच्या बेडचे बीपी-शुगर करून टाकले, दुसरं काय करणार.

आणि एक त्यांचं नर्सेससाठीचं बक्षीस आहे, अडीच लाख डॉलर, एकाच नर्सला. २०२२ ला पहिलं दिलं ते केनियाच्या अॅना कबाले दुबा हिला, चोवीस हजारांवर अर्ज आले होते म्हणे. ती बाई नोकरी सांभाळून आपल्या गावात शाळा चालवते, सकाळी पोरं शिकतात आणि दुपारी त्याच वर्गात आईबाप. बालविवाह आणि मुलींची सुंता याविरुद्ध उभी राहिली. ते वाचून मला काय वाटलं खरं सांगू? आधी अभिमान वाटला, आणि मग राग आला. तिच्यावर नाही, पण तिने गाव सोडलं नव्हतं ना. नर्सने गावात राहून काय करता येतं ते तिने केलं आणि बक्षीस घ्यायला दुबईला आली, मी दुबईत बसून तिची बातमी वाचत होते.

दुसरं नाव तुझ्या डोक्यात असणारच, कारण आपल्याकडे कुणी गल्फला निघालं की चहाच्या टेबलावर शेट्टी निघतातच. बी. आर. शेट्टी, उडुपीकडचे, फार्मसिस्ट, १९७३ ला अबूधाबीत, औषधं विकत दारोदार फिरले, १९७५ ला एनएमसी हा दवाखाना काढला, पहिल्या डॉक्टर त्यांची बायकोच. लंडनच्या बाजारात लिस्टिंग, पद्मश्री, बुर्ज खलिफात दोन मजले, अर्धी संपत्ती दान करायच्या गिव्हिंग प्लेजवर सही. मग डिसेंबर २०१९ ला मडी वॉटर्स या कंपन्यांचे हिशोब खणून काढणाऱ्या अमेरिकन फर्मचा रिपोर्ट आला आणि चार महिन्यांत कंपनी प्रशासकांच्या हातात, चार अब्ज डॉलरहून जास्त कर्ज हिशोबात दाखवलेलंच नव्हतं. शेट्टी म्हणतात माझ्याच माणसांनी मला फसवलं. कोण खरं ते कोर्टं बघतील. मला लागलं ते उडुपीचं. तिथे त्यांनी सरकारशी करार करून बायका-मुलांसाठी मोफत हॉस्पिटल बांधलं होतं, २०० खाटांचं, चांगलं चाललं होतं. वरचा पैसा आटला तसे तिथल्या स्टाफचे पगार थकले, लोक आंदोलनाला बसले आणि शेवटी सरकारने ताब्यात घेतलं. कुणाचंही दान चालू असतं ना, तेव्हा त्याचा धंदा चालू आहे का हे आधी विचारावं, असं मी आता सरळ म्हणते. लोकांना उद्धट वाटतं.

आता माझं. मी काय दान केलं? पहिल्या काही वर्षांत पगारातले निम्म्याहून जास्त पैसे घरी जायचे. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग, घरावर स्लॅब, बहिणीचं लग्न, आईचे गुडघे, मग भाच्याची अॅडमिशन, मग गावच्या यात्रेला देऊळ कमिटीची पावती, ती तर दुबईवाल्यांना वेगळीच फाडतात. वीस टक्क्यांचं काय कौतुक सांगतेस, आम्ही इथल्या सगळ्या बायका पन्नास-साठ टक्क्यांवर आहोत. फक्त त्याला कुणी परोपकार म्हणत नाही, ते मुलीचं कर्तव्य. आणि मला गावात एक छोटी खोली करायची होती, सकाळी दोन तास, ड्रेसिंग, शुगर, बीपी, बाळंतिणींची विचारपूस, बस. स्लॅब टाकला त्या घरातच रस्त्याकडची खोली त्यासाठी धरलेली. तिथे आता भावाच्या मोटरसायकली आणि धान्याची पोती आहेत. मी काही बोलत नाही. त्याची बायको आईचं सगळं करते, मी कुठल्या तोंडाने खोली मागू. पण गावी गेले की त्या दारावरून जाताना मी आत बघतेच, आणि वहिनीला ते कळतं.

नाही म्हणायला एक गोष्ट मिळाली इथे. कंपनीतर्फे कामगारांच्या कॅम्पात तपासणी असते, अल कूझला, सोनापूरला. आपल्या सुट्टीच्या दिवशी जायचं, टीशर्ट कंपनीचा, फोटो कंपनीचा, पाय आपले. सुरुवातीला मी धुसफुसायचे. पण तिथे रांगेत तेलंगणाची, बिहारची, नेपाळची पोरं आणि मधेच एखादा बीडचा किंवा नांदेडचा, मी मराठीत बोलले की हात पुढे करायचं विसरून बघतच राहतो. शुगर चारशेच्या घरात आणि तो म्हणतो ताई लिहू नका, व्हिसाच्या मेडिकलला अडकेल. त्याला समजवायचं की हा कागद तिकडे जात नाही, तू गोळी खा. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं सरकारी नियमाने, पण बाकीच्या वेळेतलं ऊन काय कमी असतं का, क्रॅम्प आणि किडनीची बोंब. तिथे गेले की मला वाटतं मी नर्स झाले ते बरं झालं. हॉस्पिटलात तसं रोज वाटतंच असं नाही, तिथे इन्शुरन्सच्या अप्रूव्हलमध्येच जीव जातो.

कागदांबद्दल नाही लिहिणार म्हटलं होतं, पण नावाचं सांगते, कारण ते कुठल्या साइटवर नाही. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आणि लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, एक्स्पिरियन्स लेटर सासरच्या नावाने. मल्याळी मुलींचं नाव सगळीकडे एकच, त्यांचे कागद सुसाट जातात आणि आपण गॅझेट, अॅफिडेव्हिट, मॅरेज सर्टिफिकेट घेऊन फिरतो. माझं प्रकरण एका ऑफिसात एका इंग्रजी 'ए' अक्षरावर अडकलं होतं, वडिलांच्या नावात एका जागी डबल ए आणि एका जागी सिंगल. खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम, हे दोन वेगळे वडील वाटतात. मी हसले नाही, रडलेही नाही, मला तो माणूस अजून स्वप्नात येतो. तू आत्ताच, ऑफर साइन करायच्या आधी, सगळी नावं एका ओळीत लिहून ताडून बघ.

मुलीचं. यावर मी शांतपणे बोलू शकत नाही. माझी मुलगी इथे आली तेव्हा मराठी माध्यमात होती, वर्गात पहिली-दुसरी यायची. इथल्या शाळेने टेस्ट घेतली इंग्रजीत आणि सांगितलं एक वर्ष खाली बसवा. गणिताचा पेपर तिने न चुकता सोडवला होता, फक्त शाब्दिक उदाहरणातलं इंग्रजी तिला कळलं नव्हतं. मी म्हटलं चार महिने द्या, करेल ती. नाही म्हणाले, सीट त्याच वर्गात आहे. सीट नव्हती म्हणून पोरगी कच्ची ठरली, आणि ते तिने मनावर घेतलं, आता नोकरीला लागली तरी भांडणात काढते की मला वर्षभर मागे ठेवलं होतं. वर अरबी सक्तीची, दुसरी भाषा म्हणून हिंदी नाहीतर फ्रेंच, मराठी कुठेच नाही. आजीचं पत्र मी वाचून दाखवायचे आणि काही ओळी गाळायचे, तिला कळायचंच नाही. तुझी तिसरीत आहे ना, सेमी इंग्लिश असेल तर थोडं बरं. शाळा सोडल्याचा दाखला अटेस्ट करावा लागतो, तो मराठीत असेल तर भाषांतरासकट, ते निघायच्या आधी कर. इंडियन शाळा एप्रिलला सुरू होतात, मधे सीट मिळाली तर जी मिळेल त्या वर्गात ढकलतात. जमलं तर तू आधी जा, मुलगी मार्चनंतर येऊ दे. आणि टेस्टच्या आधी तिला गणिताची शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतून करायला दे, एवढं माझं ऐक.

मिस्टर तुझ्या व्हिसावर येणार. त्यांच्या कागदावर स्पॉन्सर म्हणून बायकोचं नाव असतं. आमच्याकडे त्यावर कधी चर्चा झाली नाही, आमच्याकडे त्या कागदाची फाइल कपाटात सगळ्यात खाली असायची. तुम्ही आधी बोलून घ्या.

एकटेपणा वगैरे विचारू नको. होतो. ड्युटी असते, डबे असतात, कपडे असतात, झोप येते.

ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा बघू नको, बेसिक किती ते बघ, ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, अलाउन्सवर नाही. अकोमोडेशन देतायत की पैसे देतायत ते विचार. आणि गावासाठी काही करायचं असेल तर परत आल्यावर करू असं घरी सांगू नको. पहिल्या पगारापासून वेगळं खातं काढ, कोल्हापुरात, फक्त तुझ्या नावावर, भावाचं, दिराचं, कुणाचंही नाव नको, आणि घरी पाठवायच्या पैशातलं नाही, स्वतःच्या खर्चातलं टाक. मी सांगून बसले होते, सगळ्यांना माहीत होतं की हिच्याकडे खोलीसाठी पैसे आहेत, मग अडचणी बरोबर तेवढ्याच रकमेच्या आल्या.

जा की नको ते मी सांगणार नाही, मी अजून इथेच आहे, रिटायरमेंटला काही वर्षं आहेत, आणि भावाला परवा फोनवर म्हटलं की मोटरसायकली बाहेर शेडमध्ये लावल्या तर. तो हो बघू म्हणाला. मुलीची जन्मतारीख आणि बोर्ड कळव, कुठल्या ग्रेडला बसेल ते विचारून सांगते.