परसातले लिंबू : पाने भरपूर, फळ नाही

मिरज तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न : घरामागे कागदी लिंबाचे सहा वर्षांचे झाड आहे. मोरीचे पाणी रोज आळ्यात जाते. झाड उंच गेले, पण फूल नाही. आता पाने पिवळी पडलीत आणि बुंध्यातून डिंक येतोय. कोणते खत घालू?

ताई, खत आत्ता कोणतेच नको. आधी मोरीचे पाणी दुसरीकडे वळवा.

कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात रोज साबणाच्या पाण्याची भर. मुळांना हवाच मिळत नाही, मग ती अन्न उचलणार कशी? आळ्यात वीतभर खोल उकरून मूठभर माती वर काढा. कुबट वास आला, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजा. डिंकही त्याच ओलीचा. फायटोप्थोरा नावाची बुरशी ओल्या बुंध्यातून शिरते.

डिंक आलेल्या जागची कुजकी, तपकिरी साल धारदार चाकूने खरवडा. निरोगी साल लागली की थांबा. मग बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, असे प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत वेगवेगळे भिजवा आणि मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर अजून थोडी चुन्याची निवळी घाला. पेस्ट त्याच दिवशी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा एकदा.

पाण्यासाठी दुहेरी आळे करा. बुंध्याभोवती फूटभर अंतरावर मातीचा वरंबा घाला आणि पाणी त्याच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली सोडा. पाण्याचा थेंबही बुंध्याला लागू देऊ नका. वरची माती सुकल्याशिवाय पुढचे पाणी नको. बुंध्यातून सरळ वर धावणारे पानसोट काढून टाका.

फूल येण्यासाठी लिंबाला ताण लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावे लागते, पण आजारी झाडाला यंदा तो देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. नवी पालवी हिरवीगार आली, तर पुढच्या डिसेंबरात पाणी तोडा. पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की जानेवारीत आळे हलके चाळून शेणखत घाला. पहिले पाणी हलके द्या, मग वाढवत न्या. या वेळी येणाऱ्या फुलोऱ्याला आंबे बहार म्हणतात, त्याची लिंबे जून-जुलैत हाती येतात.

माण तालुक्यातून एकांनी विचारले आहे : कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी दिसते आणि ते हलते.

दादा, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि चार-दोन दिवसांत शेंडा फस्त करते. घरच्या एक-दोन झाडांना औषधाची गरज नाही. सकाळी हाताने वेचा. फारच झाल्या, तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. शेजारी कढीपत्ता असेल तर त्याचीही पाने उलटून पाहा, ती तिथेही असते.