गॉसिप कॉलमवाल्यांच्या पॉवरवर एखादा जुना नॉयर (म्हणजे गुन्हेगारी, काळोख्या वळणाचा) सिनेमा सांगा ना?

डोळे झाकून 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' बघा, 1957 चा, ब्लॅक अँड व्हाईट. न्यूयॉर्कमधला हन्सेकर (बर्ट लँकेस्टर) हा कॉलमनिस्ट, म्हणजे त्या काळचा खराखुरा गॉसिप कॉलमवाला वॉल्टर विंचेलच म्हणा, दोन ओळीत कुणाचंही करिअर संपवू शकतो आणि फाल्को (टोनी कर्टिस) हा प्रेस एजंट त्याच्या कॉलममधे क्लायंटचं नाव यावं म्हणून वाट्टेल ते करतो. हन्सेकरच्या बहिणीचं एका जॅझ गिटारिस्टवर प्रेम असतं, ते तोडायचं काम फाल्कोकडे, मग तो काय करतो तर दुसऱ्याच एका कॉलमवाल्याकडून छापून आणतो की हा पोरगा गांजा ओढतो आणि कम्युनिस्ट आहे. बास, तेव्हाच्या अमेरिकेत एवढं पुरे, नोकरी गेली!

मला आवडलेली गोष्ट म्हणजे फाल्को थंडीतही ओव्हरकोट न घालता फिरतो, का तर हॉटेलात कोट ठेवायला दिला की टिप द्यावी लागते 😄

कॅमेरा जेम्स वाँग हाऊचा, लँकेस्टरच्या चष्म्याची सावली त्याच्याच गालावर पडते, माणूस नुसता बसलाय तरी भीती वाटते. रिलीजला मात्र साफ आपटला होता, लोकांना गोड गोड टोनी कर्टिस हवा होता.