पहाऱ्याची पाळी, झोपेची पाळी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीच्या गावभागात राहते. वय ४४. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आमच्या घरात पुराचे पाणी आले होते. त्यातून सावरलो म्हणेपर्यंत हे वर्ष असे आले की घरातली एकही गोष्ट ठाम राहिलेली नाही. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहेत. तिथे आठवड्यातले तीन-चार दिवसच काम मिळते, आणि पुढच्या महिन्यात तेवढे तरी मिळेल का, हे कोणी सांगत नाही. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. मुलगी बारावीला आहे. पाऊस सुरू झाला की मला रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग कृष्णेची पातळी, कोयनेचा विसर्ग, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे संदेश असे पाहत मी पहाटेपर्यंत बसून राहते. दिवसा समोरचा माणूस बोलत असतो आणि माझे लक्ष नसते. परवा मुलीने परीक्षेबद्दल काही सांगितले, ते दुसऱ्या दिवशी मला आठवेना. ओळखीचे लोक ध्यान करा, सकारात्मक राहा, असे सांगतात. पण डोळे मिटून बसले की काळजी आणखी वाढते. दुपारी आडवे व्हावे तर अपराधी वाटते. हे वर्ष निभेपर्यंत मी टिकू कशी?

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे आणि तिला कारणे आहेत, हे आधी मान्य करू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीपेक्षा बारा फूट अधिक. ते पाणी ज्यांनी स्वतःच्या उंबऱ्यावर पाहिले, त्यांना पावसाच्या आवाजाने जाग येणारच. त्यात रात्रीची गाढ झोप बहुतांशी पहिल्या काही तासांतच होऊन जाते. पुढची झोप हलकी असते, आणि पहाटेकडे शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक आपोआप वाढू लागते. ताणाखाली असलेल्या माणसाला दोन-अडीचला जाग येणे म्हणूनच सर्रास आढळते. त्यात तुमचा काही दोष नाही. जाग आल्यावर हातात मोबाइल येतो, तिथून पुढचे मात्र आपल्याला बदलता येण्याजोगे आहे.

रात्री अडीच वाजता तुम्ही जो आकडा पाहता, त्यावर त्या घटकेला तुम्ही काय करता, हे स्वतःला विचारून पाहा. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडवरून सांगलीत पोहोचायला बरेच तास लागतात, वाटेतल्या पाणलोटातला पाऊस त्यात मिसळतो, आणि हरिपूरच्या संगमापाशी वारणा भरून वाहत असली की सांगलीतले पाणी लवकर पुढे सरत नाही. नदी आपल्याकडे फुटाफुटाने चढते. त्यामुळे संध्याकाळची पातळी, धरणातला विसर्ग आणि प्रशासनाची सूचना या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर रात्र कशी जाईल याचा बराचसा अंदाज येतो. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहिल्याने तो अंदाज सुधारत नाही, झोप मात्र जाते.

म्हणून एक काम यजमानांसोबत बसून, दिवसाउजेडी आणि कागदावर करा. आयर्विन पुलावर किती फूट झाले की तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे तुम्ही दोनदा पाहिलेले आहे. तो आकडा लिहा. त्याच्या पाच फूट आधी कोणत्या वस्तू वर जातील ते लिहा : गॅसची टाकी, धान्य, मुलीची पुस्तके, घराची कागदपत्रे, सासूबाईंची दवाखान्याची फाइल. सासूबाईंना मात्र त्याच्याही आधी हलवायचे आहे, कारण रस्ते बंद होऊन डायलिसिसची एक पाळी चुकणे हा त्यांच्या जिवाला पाण्याइतकाच मोठा धोका आहे. पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की त्यांना विश्रामबागेत किंवा मिरजेत कोणाकडे ठेवायचे, हे त्या घरच्यांशी आजच बोलून ठेवा. हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. पावसाळ्यात सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पातळी पाहायची, कागदाशी ताडायची आणि मोबाइल खाली ठेवायचा.

पाणी खरोखर चढत असेल त्या रात्री पहारा हवाच, पण तो वाटून घ्यायचा. दोन वाजेपर्यंत यजमान जागतील, पुढे तुम्ही. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, मोबाइल न घेता झोपायचे, आणि ज्याची पाळी आहे त्याने गरज पडली तर हाक मारायची. माझे तुम्हाला सगळ्यांत आग्रहाचे सांगणे हेच आहे. या वर्षी तुम्ही पुराचा, नोकरीचा, आजारपणाचा आणि परीक्षेचा असे चारही पहारे एकटीने आणि रात्रंदिवस देत आहात, म्हणूनच मनाला झोपेची परवानगी मिळत नाही. पहारा दुसऱ्याच्या हाती दिल्याची खात्री पटली की शरीर आपोआप सैल पडते.

असा दुसऱ्याच्या हाती गेलेला वेळ तुमच्या आठवड्यात आताही आहे, पण तुम्ही तो वापरत नसाल असे मला वाटते. डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची असते. सुया लागल्या, यंत्र सुरू झाले की पुढे रक्तदाब पाहणे, यंत्रावर लक्ष ठेवणे ही कामे तिथल्या परिचारिकांची आणि तंत्रज्ञांची असतात. बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक त्या चार तासांत काय करतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, डबा तसाच, मोबाइलवर एकामागून एक पुराचे जुने व्हिडिओ, आणि मधेच उठून काचेतून आत डोकावणे. ताई, पुढच्या खेपेला परिचारिकेला आपली बसण्याची जागा दाखवा, ‘काही लागले तर मला इथे हाक मारा’ असे सांगा, आणि मग पहिल्या तासातच डबा उघडून भाकरी सावकाश खा. नंतर पाठ टेकून डोळे मिटा. झोप लागली नाही तरी चालेल. आठवड्यातून दोनदा मिळणारे हे तास तुम्ही कोणाकडून हिरावून घेत नाही, त्यामुळे अपराधी वाटण्याचेही कारण उरत नाही.

अपराधीपणाविषयी थोडे स्पष्ट बोलते. आपल्याकडे घरातली बाई शेवटी जेवते आणि शेवटी झोपते, आणि अडचणीच्या वर्षात तर हा नियम आणखी कडक होतो. कारखाना बंद असेल त्या दिवशी यजमान घरी असतात. त्या दिवशी दुपारचा चहा, सासूबाईंची औषधे आणि दारावर येणारे-जाणारे त्यांनी पाहावेत आणि तुम्ही आत जाऊन पडावे. हे त्यांना एकदा सांगून पाहा. काम कमी झालेल्या माणसाला घरात आपला उपयोग आहे असे वाटणे, ही त्यांचीही गरज असते.

झोपेच्या बाबतीत काही गोष्टी नेमाने करा. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नका, कारण शरीराचे घड्याळ मुख्यतः उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर लागते. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची असावी. चहातले कॅफिन पाच-सहा तासांनीही जवळजवळ निम्मे अंगात शिल्लक असते, त्यामुळे दुपारी चारनंतरचा चहा या वर्षापुरता सोडा. अंथरुणावर वीसेक मिनिटे नुसते तळमळत पडण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसावे, वाटल्यास उद्याची भाजी निवडावी, आणि डोळे जड झाले की परत आडवे व्हावे. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवा. घरच्यांचा आणि दवाखान्याचा फोन तेवढा वाजेल आणि बाकीचे सगळे मुके राहील, अशी सोय त्यात असते, ती मुलीकडून करून घ्या. पैशांचा हिशोब रविवारी सकाळी वही घेऊन मांडा, रात्री नाही.

ध्यान जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. धास्तावलेल्या माणसाने डोळे मिटले की आतले आवाज मोठे होतात, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. तुमच्यासाठी डोळे उघडे आणि हात कामात असलेला मार्ग बरा. तांदूळ निवडताना ताटातल्या दाण्यांकडेच पाहायचे. मन नदीवर गेले की न रागावता त्याला परत ताटावर आणायचे. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्याहून सोडताना अधिक लावायचा. त्याने हृदयाची गती थोडी मंदावते, आणि हे बसमध्ये उभ्यानेही करता येते. मुलीच्या बाबतीत तर रोज एक ठरावीक वेळ ठेवा. रात्री जेवण झाल्यावर तिच्या डोक्याला तेल लावायला बसा. हात गुंतलेले असतात, ती पाठमोरी असते, आणि वयात आलेली मुले समोरासमोर जे बोलत नाहीत ते अशा वेळी बोलतात. परवाचे सांगणे तुमच्या लक्षात राहिले नाही, हे तिला सरळ सांगा आणि पुन्हा विचारा. ती चिडेल कदाचित, पण सांगेल.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडे नेण्याची आहे. आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री झोप होत नाही, असे तीन महिने चालले असेल, किंवा दोन आठवडे सलग मन उदास राहून कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तुमच्या फेऱ्या होण्याजोग्या अंतरावर हा विभाग आहे. जगणे नको असे मनात आले तर थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. सासूबाईंच्या किंवा शेजारणीच्या झोपेच्या गोळ्यांतली एखादी घेऊन पाहू नये.

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. छाटणी झाली आहे आणि पावसाचा नेम नाही. डाउनी (केवडा) रोगाच्या धास्तीने रात्री दोन-तीनदा उठून बागेत जातो, पाऊस उघडला की त्याच वेळी ट्रॅक्टर काढून फवारणी करतो. दिवसा डोके जड राहते आणि भावाशी खटके उडतात. यावर उपाय आहे का?

उत्तर : दादा, पाने ओली राहिली की डाउनी पसरतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावर फवारणीची घाई असते, हे मान्य. पण रात्री नुसते उठून बागेत चक्कर मारण्याने पाने वाळत नाहीत. फवारणीचा निर्णय सकाळीच हवामान पाहून, भावासोबत बसून घ्या, आणि ज्या रात्री फवारायचे ठरेल त्या दिवशी दुपारी दोघांपैकी जो ट्रॅक्टर चालवणार आहे त्याने दोन तास झोपून घ्यावे. झोप अपुरी असताना ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर ओळींतून वळवणे आणि औषधाचे माप काढणे, या दोन्ही कामांत चूक महागात पडते; म्हणून माप उजेडात काढून डबे वेगळे भरून ठेवा आणि रात्री एकट्याने बागेत उतरू नका. जी रात्र फवारणीची नाही, त्या रात्री पाळी एकाची आणि दुसऱ्याला उठवायचे नाही, असा करार करा. भावाशी होणारे खटके बागेमुळे जेवढे आहेत तेवढेच जागरणामुळेही असावेत. दोन रात्री पुरती झोप झाल्यावरच हिशोबाच्या बोलण्याला बसा.