गिटार शिकतोय, महिना झाला, ई मायनर, ए मायनर बरे वाजतात, पण एफ कॉर्ड लागत नाही, निम्म्या तारा मुक्या राहतात, उरलेल्या भणभणतात. माझी बोटंच आखूड आहेत का?

बोटं आखूड असल्याचं कारण बहुतेक वेळा खोटं निघतं. ई मायनर, ए मायनर बरे वाजतात, एफला मात्र निम्म्या तारा मुक्या राहतात असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी संशय आधी गिटारवर घ्यावा, हातावर नंतर. स्वस्तातली नवी गिटार बऱ्याचदा सेटअप न करताच विकली जाते आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो.

स्टीलची पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या कांबीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला सहाव्या (जाड) तारेखाली 2.5 मिमी आणि पहिल्या तारेखाली 2 मिमीच्या आसपास असेल तर ठीक. 3.5–4 मिमी निघालं, तर त्या गिटारवर सराईत माणसाचाही हात दुखेल.

पण एफचा खरा शत्रू बाराव्या फ्रेटवर नसतो, तो नटवर (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) असतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून बघा. तिथे जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. जाड पुठ्ठा जात असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. याची दुसरी खूण म्हणजे मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, पण पहिल्या फ्रेटवर दाबलेला स्वर चढा येतो. एफ नटला लागून वाजतो, त्यामुळे ही उंची सगळ्यात जास्त तिथेच छळते. खाचा घासायचं काम मात्र घरी करू नका. खाच जरा जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो. दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) घरी घासता येतं. बाराव्या फ्रेटवर तार 1 मिमी खाली आणायची तर सॅडलच्या तळातून 2 मिमी काढावं लागतं. पेन्सिलीने रेघ मारा, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून थोडं थोडं घासा, वरच्या गोलाईला हात लावू नका. एक जादा सॅडल आधीच आणून ठेवा. त्याआधी नेकचा (मानेचा) बाक मात्र बघाच: एकच तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबली की सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवायची सळी) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजणी. रॉड अडला तर जोर लावू नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, दमट हवेने लाकूड फुगून तारा आपोआप उंच होतात. जूनमध्ये वाजेनाशी झालेली गिटार जानेवारीत सुधारते, यात जादू नाही.

आजच्या आज, काही न घासता करायचा उपाय: सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. ताण साधारण 11 टक्के कमी होतो आणि नटचं काम आता कॅपो करतो, म्हणजे उंच नट बाजूलाच पडतो. गाण्याची पट्टी मूळचीच राहते. पुढच्या वेळी तारा बदलताना 12 ऐवजी 10 चा सेट घ्या (हा आकडा पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्याच सुराला पहिल्या तारेचा ताण सुमारे 30 टक्के कमी असतो. आवाज थोडा पातळ येईल, चालेल. ताण उतरल्यावर नेक किंचित सरळ होऊन तारा भणभणू शकतात, म्हणून बाक परत तपासा. (नायलॉनच्या तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका, ब्रिज, म्हणजे तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उखडतो.)

आता हात. बोट फ्रेटला अगदी खेटून, त्याच्या नटकडच्या बाजूला ठेवायचं. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि भणभण येते, फ्रेटच्या माथ्यावर दाबलं तर तार गुदमरते. डाव्या हाताची नखं पूर्ण कापलेली हवीत.

एफमध्ये पहिलं बोट सहाही तारांवर आडवं असलं, तरी त्याला दाबायच्या फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. उरलेल्या तीन इतर बोटांकडे आहेत. म्हणून मधे जोर वाया घालवू नका. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर फिरवा, तिथे मांस कमी आणि हाड जवळ असतं. दुसरी तार बोटाच्या पेराच्या घडीत अडकून मुकी होत असेल तर बोट दोन-तीन मिमी वर-खाली सरकवा. अंगठ्याने चिमटा काढू नका, कोपर थोडं मागे ओढून दंडाचं वजन वापरा. आणि सुरुवात पहिल्या फ्रेटवर नको. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए मेजर होतो आणि तार मऊ लागते. तो स्वच्छ आला की एकेक फ्रेट नटकडे या. तोवर गाण्यात चार तारांचा छोटा एफ वाजवा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, पहिल्या दोन्ही पहिल्या फ्रेटवर एकाच बोटाने.

बोटांची टोकं सोलवटणं तीन-चार आठवड्यांत थांबतं. एकदम अर्धा तास बसण्याऐवजी दहा-दहा मिनिटं तीनदा बसा, आणि हात धुतल्यावर लगेच वाजवू नका, ओली कातडी फाटते. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर ते वेगळं: तुम्ही आवळताय, थांबा.

कॉर्ड बदलताना कुठलं बोट हलतच नाही ते शोधा. ए मायनरवरून सीला जाताना फक्त अनामिका उचलायची असते. घड्याळ लावून मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोजा. तीसच्या पुढे गेलात की ती जोडी गाण्यात वापरा. उजवा हात तार सुटली तरी वर-खाली चालूच ठेवायचा. केरव्याच्या आठ मात्रा मोजत चार खाली, चार वर मारले की बहुतेक भावगीतांना पुरतं.

घरात पेटीवर कुणी काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून) गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार वाजवा, काळी दोनला तिसऱ्या फ्रेटवर.