वन लायनरची अजून एक पीडीएफ नको

अगं, मेसेज वाचला तुझा. सगळे सब्जेक्ट एकदा करून झालेत तरी मॉकमध्ये मार्क अडकतायत, म्हणून अजून एक वन लायनरची (एकेका ओळीत पाठ करायच्या उत्तरांची) पीडीएफ घेऊ का विचारतेयस. नको घेऊस. नीट एमडीएसला (डेंटलच्या पीजीची प्रवेश परीक्षा) २४० प्रश्न आणि ३ तास, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट, बरोबरला ४ आणि चुकलं की १ वजा. तिथे अर्धवट आठवणारी ओळच जास्त नडते, कारण चारही ऑप्शन ओळखीचे वाटतात.

त्यापेक्षा ओपीडीतून सुरुवात कर ना. ठाणे-वाशी लोकलने, घणसोली-तुर्भ्याहून येणारे कितीतरी पेशंट बघतेस ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. आत बोट फिरवलं की गालात उभे ताठ पट्टे लागतात, म्यूकोसा (तोंडातली आतली त्वचा) पांढराफटक, आणि विचारलं तर सांगतात की आधी नुसतं तिखट झोंबायचं, तोंड नंतर आखडलं. झालं, ओएसएमएफचा (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, तोंड आखडण्याचा हाच आजार) क्रम पाठ झाला. आता कारण सुपारी हे सगळ्यांनाच येतं, प्रश्न त्याच्या पुढचा येतो. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्ट पेशींकडून जास्त कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) बनवून घेतं, सुपारीतल्या कॉपरमुळे लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम वाढतं, त्याने क्रॉसलिंकिंग होतं (तंतू एकमेकांना घट्ट जोडले जातात) आणि मग ते कोलॅजन शरीराला सहज तोडता येत नाही. सुपारी सोडल्यावरही पट्टे का जात नाहीत हे इथेच कळतं. हा आजार पहिल्यांदा नोंदवणारे श्वार्ट्झ १९५२, भारतात नोंदवणारे जोशी १९५३, आणि मॅलिग्नंट ट्रान्सफॉर्मेशन (कॅन्सरमध्ये रूपांतर) १७ वर्षांच्या फॉलोअपमध्ये ७.६ टक्के, एवढे आकडे मात्र घोकावेच लागतात, इलाज नाही. (गुटखाबंदी २०१२ ची आहे म्हणे, स्टेशनबाहेर बघून तरी वाटत नाही.)

लोकल अ‍ॅनेस्थेशियाचं (जागा बधिर करायच्या इंजेक्शनचं) गणित दरवेळी कागदावर सोडव. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ, अ‍ॅड्रिनलीनसोबत मर्यादा किलोला ७ मिग्रॅ, ५० किलोच्या पेशंटला ३५० मिग्रॅ, म्हणजे साडेसतरा मिली. पण पेशंट हार्टचा निघाला तर अ‍ॅड्रिनलीनची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, १:८०,००० मध्ये मिलीला साडेबारा, म्हणजे ३.२ मिलीवरच थांबायचं. वजन दिलंय म्हणून सगळे लिग्नोकेनच मोजत बसतात आणि परीक्षक नेमका तिथेच फसवतो.

जनरल मेडिसिन तू ऑप्शनला टाकलंयस असं दिसतंय, तसं करू नकोस गं. निदान ब्लीडिंग तरी नीट कर. वॉरफरिनने (रक्त पातळ करायचं औषध) २, ७, ९, १० हे रक्त गोठवणारे फॅक्टर कमी होतात, त्यात ७ चं हाफ लाइफ सगळ्यात कमी, म्हणून पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजायची टेस्ट) आधी वाढतो आणि म्हणून एक्स्ट्रॅक्शनआधी, म्हणजे दात काढायच्या आधी, आयएनआर (पीटीवरूनच काढलेला आकडा) बघतो. हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर ८ कमी, तो रक्त गोठण्याच्या इन्ट्रिन्सिक मार्गातला, म्हणून तो मार्ग मोजणारा एपीटीटी वाढतो, पीटी नॉर्मल. ही एक साखळी बसली की चार-पाच प्रश्न आपोआप सुटतात.

एनॅमलचा क्रिटिकल पीएच (ज्याखाली दात विरघळायला लागतो) ५.५, फ्लुओरअ‍ॅपॅटाइटचा ४.५, कवटीच्या छिद्रांपैकी व्ही-टू नर्व्ह रोटंडममधून, व्ही-थ्री ओव्हेलमधून, मिडल मेनिन्जिअल आर्टरी स्पायनोसममधून, हे तुला येतंच, रात्री झोपताना एकदा नजर टाकली तरी पुरे.

रविवारी वाशीला येणार असशील तर चुकलेल्या प्रश्नांची वही घेऊन ये. फेशियल स्पेसेस (चेहऱ्यातल्या ज्या जागांत इन्फेक्शन पसरतं त्या) चित्र काढूनच करू, ते फोनवर सांगून डोक्यात शिरत नाही.

तुझी ताई