प्रश्नावली नंतर, आधी ओळख

प्रश्नावली छापायची घाई करू नकोस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्तीत संशोधनाला जाणार असशील, तर आधी टस्कीगीचं प्रकरण वाच. सिफिलिस हा लैंगिक आजार उपचारांविना कसा वाढतो, हे बघायला अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं तिथे केलेला अभ्यास. १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, हाताशी आलं, तरी त्यांना दिलं नाही. म्हणून दारातली आजी संमतीपत्र उलटसुलट करून बघते, तेव्हा तिला अडाणी समजू नकोस. मी समजलो होतो, अजून लाज वाटते. वस्तीतल्याच दोघांना पहिल्या दिवसापासून गटात घे, तेही मानधन देऊन. फुकट राबवू नकोस. निष्कर्ष आधी वस्तीला सांग, जर्नल थांबेल. आणि हो, तपासणी करणार असशील तर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधीकधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो; वहीत लिहून ठेव.