एकाच घरात वाढूनही भावंडांचं कोलेस्टेरॉल इतकं वेगळं कसं?

वडिलांना ४६व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, आता तुमचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २१५ निघालं आणि बहिणीचं १०८. दोघं एकाच घरात वाढलात, मग हे खाण्यामुळे की रक्तातूनच आलं, असं तुम्ही विचारलंय.

आमच्या घरचं सांगतो. मी आणि बायको १८ वर्षं एकाच कढईतलं खातोय. माझं एलडीएल २२८, तिचं १०२. थोरला भाऊ माळकरी, वीस वर्षांत मटण-मासळीला शिवलेला नाही. त्याचं २४१! ताट बायकोशी जुळतं, आकडा भावाशी.

रक्तातलं एलडीएल उचलायचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडून आत घेणारे रेणू, करतात. (ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं, १९८५चं नोबेल त्यांना मिळालं.) हे रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल तर एलडीएल जन्मापासूनच तुंबत जातं. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून तुम्हाला आलं आणि बहीण सुटली, यात नवल काहीच नाही. एलडीएल १९०च्या वर आणि वडिलांना इतक्या लवकर झटका, म्हणजे डॉक्टरांना हा संशय येणारच. मात्र आधी थायरॉइड तपासून घ्या. ते मंदावलं तरी एलडीएल चढतं.

खाण्याचा काहीच संबंध नाही, असं मात्र समजू नका. ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर, साखर, दारू, सुटलेलं पोट यांचा फार परिणाम होतो. मी संध्याकाळचं फरसाण आणि गोड चहा सोडला, रोज तासभर चालू लागलो. चार महिन्यांत ट्रायग्लिसराइड २६०वरून १५०वर आलं. त्याच चार महिन्यांत एलडीएल २२८वरून जेमतेम २०५. पुढचं काम स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीनं केलं. तिच्यामुळे यकृत स्वतःचं कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि ती तूट भरायला रिसेप्टर वाढवून रक्तातलं जास्त ओढून घेतं. तेव्हा 'आधी पथ्य करून बघतो' म्हणत वर्षं घालवू नका. माझी तीन गेली, त्याचं आजही वाईट वाटतं.

मुलीची तपासणी दहाव्या वर्षी केली, तिचं १८९ आलं. रात्रभर झोप लागली नाही. पण माझ्या वडिलांची आयुष्यात एकदाही तपासणी झाली नव्हती; हिच्यावर आत्तापासून बालरोगतज्ज्ञांचं लक्ष आहे. तुम्हाला मुलं असतील तर त्यांचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) याच महिन्यात करा, आणि काका-आत्यांनाही फोन करून सांगा.